रिसिव्हरचा चौथा पाय

"हे कुणा गाढवाचं काम आहे रे?" मी रफिकला विचारलं.

रफिक म्हणजे आमच्या मिरजेतला भंगारवाला. घरोघर फिरून रद्दी, पत्रा, बिघडलेले मिक्सर गोळा करायचा आणि त्यात काही विजेवर चालणारं निघालं की आधी माझ्याकडं आणायचा. त्या दिवशी त्यानं हातगाडीवरून एक सेट उतरवून माझ्या काउंटरवर ठेवला आणि गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसत उभा राहिला.

"गाढवाचं का असेना अण्णा, माल बघा की. जपानी आहे. उचलताना कंबर गेली माझी."

माल खरोखरच बघण्यासारखा होता. स्टिरिओ रिसिव्हर, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. पंचाहत्तर-शहात्तर सालातला असावा. लाकडी पेटी, पुढं अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, तिच्यावर वजनदार नॉब आणि वीतभर लांब डायल. असले सेट त्या काळी कुणाचा तरी भाऊ बोटीवर असला तरच घरात यायचे. तीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवून मी असे तीन-चारच बघितले होते, आणि तेही लोकांच्या दिवाणखान्यात, लांबून.

आणि या असल्या सेटवर कुणीतरी ज्वारी पेरली होती.

खोटं नाही सांगत. पट्टीवर नॉबच्या कडेनं ज्वारीचे दाणे चिकटवले होते. एका जागी एक, पुढं दोन, त्याच्या पुढं तीन. वरून लाल नेलपॉलिशचा थर. आवाजाच्या नॉबला कानशीनं दहा-बारा खाचा पाडलेल्या. स्टेशन लावायच्या मोठ्या नॉबला एकच, पण चांगली खोल.

"कुठनं उचललास?"

"ब्राह्मणपुरीतनं. रंगकाम काढलंय त्यांनी. बाई म्हणाली, बंद पडलाय, रद्दीबरोबर हापण न्या."

"शिकलेली माणसं ना? आणि ही अक्कल. यांच्या हातात देवानं असली वस्तू दिलीच कशाला?"

रफिक हसला. मी लोकांना शिव्या घालतो हे त्याला नवीन नव्हतं. माझं नाव शांतिनाथ मगदूम. नाव ठेवताना आईवडिलांना अंदाज आला नसावा.

ही दोन हजार अकरामधली गोष्ट. तोवर माझ्या दुकानाच्या दोन्ही बाजूंना मोबाइलची दुकानं झाली होती. काचा चकाचक, आत एसी, आणि काम काय, तर मोबाइलला प्लास्टिकचा कागद चिकटवणं! त्यांच्याकडं रांग आणि माझ्याकडं मिक्सरची भांडी. मार्केटात मला ‘मिक्सरवाले मगदूम’ म्हणायला लागले होते. मी, ज्यानं साताऱ्यापासून बेळगावपर्यंतच्या सिनेमा थिएटरांचे अँप्लिफायर उभे केले, तो मिक्सरवाला. ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जायची.

अशात महिन्याभरापूर्वी रणधीर बावडेकर दुकानात आले होते. कोल्हापूर रस्त्याला अंकलीच्या पुढं मोठं हॉटेल बांधत होते. पांढरा शर्ट, पांढरे बूट, बोटात तीन अंगठ्या आणि तोंडात एकच शब्द, ‘विंटेज’. हॉटेलात शिरल्याशिरल्या गिऱ्हाइकाला सगळं विंटेज दिसलं पाहिजे. जुनी स्कूटर, जुना टेलिफोन, जुने रेडिओ.

"मगदूम, एक जबरदस्त सेट करून दाखवा," ते म्हणाले. "पसंत पडला तर आणखी आठ लागणार आहेत, तेही तुम्हीच करायचे. आणि प्रत्येकाच्या खाली पितळी पाटी. तुमच्या नावाची."

"नावाची?"

"मग! ‘शांतिनाथ मगदूम, मिरज’. मुंबई-बंगळुरूची माणसं उतरणार आहेत माझ्याकडं. वाचतील की. पण एक सांगतो. मूळ अवस्थेत पाहिजे. कंपनीतनं आला तसा. एक ओरखडा दिसला तरी मी घेत नाही."

जाताना विचारतात कसे, "याला ब्लूटूथ लागतं का हो?" सत्तरच्या दशकातल्या रेडिओला! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण पितळी पाटी काही डोक्यातनं जाईना. असल्या माणसाकडून का होईना, नाव लागणार होतं.

म्हणून रफिकचा सेट मी तिथल्या तिथं घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून मिक्सर घेऊन येणाऱ्यांना सरळ परत पाठवायला लागलो.

दोन महिने काम केलं. आतले सगळे कंडेन्सर बदलले. स्पीकर जोडणारा रिले उघडून त्याचे पॉइंट घासले. डायलची दोरी कुजली होती, ती नवीन ओवली, आणि तीन वेळा चुकून चौथ्यांदा बसली. डायलचे दिवे मुंबईहून मागवले. पेटीला सात हात पॉलिश केलं. हे काम कुणालाही जमलं असतं असं मी म्हणणार नाही. कुणालाही जमलं नसतं.

त्या गाढवानं करून ठेवलेलं निस्तरायला मात्र सगळ्यांत जास्त वेळ गेला. एकेक दाणा स्पिरिटनं भिजवून ब्लेडच्या टोकानं उचलला. खाली डाग उरले, ते बारीक पॉलिश पेपरनं धातूच्या रेघेच्या दिशेनं घासले, एकाच दिशेनं, बोटं सोलून निघेपर्यंत. खाचा पडलेल्या नॉबना इलाज नव्हता. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या रेडिओ बाजारात एकाला फोन केला, त्याच्याकडं त्याच मॉडेलचा मेलेला सेट होता, त्याचे नॉब कुरियरनं आले. जुने मी बिस्किटांच्या डब्यात टाकले. मी काहीच फेकत नाही.

एकच गोष्ट सोडली. सेटच्या बुडाशी चार रबरी पाय असतात. त्यातला मागचा उजवा मूळचा नव्हता. त्या जागी कसलं तरी राखाडी रबराचं बूच चिकटवलं होतं. पण पक्कं बसलं होतं, सेट डुगडुगत नव्हता. आणि खाली वाकून बघतो कोण? राहू दिलं.

मधल्या सुट्टीत चहाच्या गाडीवर गेलो की माझा एकच विषय. "ज्वारी पेरलीय हो रेडिओवर! मी वेळेवर पोचलो, नाहीतर कणसं आली असती." सगळे पोट धरून हसायचे. एकदोघं मुद्दाम दुकानात येऊन विचारायचे, "काय अण्णा, काढणी झाली का?" मीही मग रंगात यायचो. त्या गाढवाची नक्कल करायचो. एका हातात ज्वारी, एका हातात नेलपॉलिश, जीभ बाहेर काढून दाणा लावतोय.

सेट पहिल्यांदा लागला तो एका सकाळी. बटण दाबलं, चार सेकंदांनी आतनं रिलेचा ‘टक’ आवाज आला, डायल निळी-हिरवी उजळली आणि सांगली आकाशवाणीवर एक कृषी अधिकारी हळदीवरच्या करप्याबद्दल बोलायला लागला. माझा हळदीशी संबंध फक्त भाजीपुरता. तरी मी स्टूल ओढून तो सगळा कार्यक्रम ऐकला. माणूस समोर बसून बोलतोय असा आवाज होता. फवारणी कधी करावी हे मला अजून पाठ आहे.

बावडेकर गुरुवारी चारला येणार होते. मी दोन वाजताच सेट पुसून मधल्या टेबलावर ठेवला, खाली मखमलीचा तुकडा अंथरला. त्यांना हवा होता तसा कागदही लिहून ठेवला: ‘मूळ अवस्थेत, कंपनीतून आला तसा.’ खाली झोकात सही.

तीनच्या सुमाराला एक बाई दुकानाच्या पायरीशी थांबली. पस्तिशीची, नीटनेटकी, चेहरा उतरलेला. तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं एक म्हातारे गृहस्थ. इस्त्रीचा सदरा, काळा चष्मा.

"मगदूम आपणच का?" बाईनं विचारलं. "भंगारवाला म्हणाला, तुमच्याकडं एक सेट आलाय. ज्वारी लावलेला. आम्ही चहाच्या गाडीवर पत्ता विचारला तर सगळे हसायलाच लागले."

"हसू देत गं स्नेहल," म्हातारे म्हणाले आणि पायरी चढले. मी पुढं केलेलं स्टूल त्यांच्या गुडघ्याला लागलं, तेव्हा त्यांनी हातानं ते चाचपलं आणि मग बसले. तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगतो, तोवर नव्हतंच आलं.

"मी म्हैसाळकर," ते म्हणाले. "ही माझी सून. मी कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होतो. चाळिशीत काचबिंदूनं डोळे गेले, तरी पुढं सतरा वर्षं बोर्ड सांभाळला. सेट माझ्या धाकट्या भावानं बोटीवरून आणलेला. दोन महिने मी पुण्याला मुलीकडं होतो, पोटाचं ऑपरेशन झालं. परत आलो तर कोपरा रिकामा."

"बाबा, बंद पडला होता ना तो," स्नेहल म्हणाली. "मला वाटलं, रंगकामात अडचण... मी विचारायला पाहिजे होतं."

"झालं गेलं. मी काही म्हटलंय का तुला?" मग माझ्या दिशेनं तोंड करून, "दाणे आमच्या हिनं लावले होते. माझी पत्नी. एक दाणा म्हणजे मीडियम वेव्ह, दोन म्हणजे एफएम, तीन म्हणजे टेप. नुसता दाणा टोचायचा, म्हणून वरून नेलपॉलिश. खाचा मी पाडल्या, ती सांगेल तिथं. मोठा नॉब डावीकडं शेवटपर्यंत न्यायचा. तिथून दोन फेऱ्यांना पुणं. चार फेरे आणि खाच वर आली की सांगली. ती गेल्यावर मला काही अडलं नाही बघा त्या सेटपुरतं. चहा करायला अडतं, सेट लावायला नाही."

माझ्यापासून हातभर अंतरावर तो सेट मखमलीवर चकाकत होता.

"मी किंमत मागणार नाही कमी करून," ते म्हणाले. "तुम्ही श्रम घेतले असतील, ते तुमचे. सांगाल ते देतो. मला माझा सेट द्या."

काय करायला पाहिजे होतं हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती. तोंड उघडायचं आणि सांगायचं, काका, हाच तो. पण मग पुढं काय सांगणार? दाणे मी उपटले? गाढव म्हणून अख्ख्या मार्केटात जिची टर उडवली ती तुमची बायको? आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. चारला बावडेकर, आणि बावडेकरांच्या मागं पितळी पाटी.

"काका, तुमचा सेट आला होता," मी म्हणालो. "पण जळलेला. ट्रान्सफॉर्मर पार गेलेला. मी उपयोगाचे भाग काढून घेतले आणि बाकीचा मोडीत घातला. महिना झाला."

इतकं सरळ खोटं मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो. जीभ जराही अडखळली नाही.

स्नेहल टेबलाकडं बघत होती.

"मग हा कुठला?"

"हा मुंबईचा. गिऱ्हाइकाचा आहे."

"रंग तर असाच होता आमचा," ती पुटपुटली. "पण इतका चकचकीत..."

"एकाच कंपनीचे. त्या काळी पुष्कळ यायचे."

"हात लावला तर चालेल?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

आता पॉलिशवर बोटं उमटणार, हा माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार. पण नाही कसं म्हणणार? स्नेहलनं त्यांचा हात धरून पट्टीवर ठेवला. त्यांची बोटं डावीकडून उजवीकडं गेली. सावकाश. दाण्यांच्या जागेवर थांबली, पुढं सरकली, मागं आली.

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले.

"कंपनीतून आल्यासारखा केलाय," मी म्हणालो. सवयीनं. त्या क्षणीसुद्धा माझ्या बोलण्यात तोरा होता.

"लावता का जरा?"

मी बटण दाबलं. चार सेकंद. टक. त्यांनी मान जराशी तिरकी केली. मग मोठा नॉब डावीकडं शेवटपर्यंत नेला आणि ओठ हलवत फेरे मोजले. चार झाले, अंगठा नॉबच्या कडेवर खाच शोधत राहिला, ती नव्हती, मग अंदाजानं किंचित पुढं. सांगली लागली. कुठल्या तरी गावचं भजनी मंडळ गात होतं.

"फेरे तेवढेच आहेत."

"एकच मॉडेल ना, काका."

"हो. तसंच असणार."

त्यांनी सेट बंद केला, दोन्ही हात पेटीच्या कडांवरून खाली नेले आणि उचलून बघावं तसा मागचा उजवा कोपरा बोटभर वर केला. वजन बघतात असं मला वाटलं. त्यांचा हात खाली गेला आणि तिथंच राहिला. बराच वेळ राहिला. मग कोपरा त्यांनी अलगद खाली टेकवला.

"छान काम करता तुम्ही, मगदूम," ते उठत म्हणाले. "आमचा गेला म्हणायचा. चल गं."

पायरी उतरताना स्नेहलनं वळून माझ्याकडं बघितलं. "भाऊ, नक्की मोडीत घातला ना?"

"नक्की," मी म्हणालो.

चारला बावडेकर आले. त्यांनी सेटकडं बघून शीळ घातली, खिशातनं मोबाइल काढून बारा फोटो काढले, कागद वाचला, दोनदा वाचला. "मूळ अवस्थेत. क्या बात है!" सेट लावून ऐकला का? नाही. ड्रायव्हरला म्हणाले, उचल. ड्रायव्हरनं सेट आडवा केला आणि बावडेकरांची नजर नेमकी बुडाशी गेली.

"हे काय मगदूम? तीन पाय काळे आणि एक राखाडी?"

मी वाकून बघितलं. मागचा उजवा. बुचाच्या मधोमध सुयांची बारीक बारीक भोकं होती, पुष्कळ. असली बुचं मी ओळखतो, माझ्या आईला दहा वर्षं मधुमेह होता. इन्शुलिनच्या बाटलीचं बूच होतं ते. म्हाताऱ्यांचा हात नेमका त्याच जागी थांबला होता.

छे, मी स्वतःला म्हणालो. एवढ्याशा बुचावरून कसं कळेल? कळलं असतं तर बोलले नसते का?

"बदलून घ्या," बावडेकर म्हणाले. "कागदावर मूळ अवस्था लिहिलंय तुम्ही."

लॅमिंग्टन रोडहून नॉबबरोबर पायही आले होते. मी ब्लेड घेतलं, बूच उपटलं, खालचा डिंक खरवडला आणि काळा पाय लावला. दोन मिनिटांचं काम. बूच खिशात टाकलं.

हॉटेलचं उद्घाटन तीन महिन्यांनी झालं. मला आमंत्रण होतं. इस्त्रीचे कपडे घालून गेलो. सेट दरवाजातून आत गेल्याबरोबर समोरच होता, मोठ्या काचेच्या पेटीत, वरून पिवळा दिवा. खाली पाटी. शांतिनाथ मगदूम, मिरज. पितळ चांगलं जाड होतं. मी ती पाच-सहा वेळा वाचली. मग पेटीच्या मागं जाऊन बघितलं. सेटची वायर गुंडाळी करून रबर लावून ठेवली होती. मी ठेवली होती तशीच. जवळपास कुठं प्लगसुद्धा नव्हता.

"वाजवत नाही का?" मी बावडेकरांना विचारलं.

"वाजवायचा कशाला? दिसतोय किती भारी बघा ना!" आणि माझ्या पाठीवर थाप. "म्युझिक वरनं येतं. सीलिंगमधनं."

छतातनं कसलं तरी ढिंगचिक चाललं होतं. लोक सेटसमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढत होते. काय ती माणसं, काय त्यांचे ते गॉगल! मला सगळ्यांची शिसारी आली. मग काचेत माझंच तोंड दिसलं, पाटीच्या बरोबर वर, आणि जेवण न करता मी बाहेर पडलो. पुढचे आठ सेट मी केले नाहीत. पाठ धरलीय असं कारण सांगितलं.

त्याच आठवड्यात बिस्किटांचा डबा उघडला. खाचांचे दोन्ही नॉब धुतले, कागदात गुंडाळले आणि ब्राह्मणपुरीत म्हैसाळकरांचं घर विचारत गेलो. वाटेत सगळं ठरवलं होतं. काय बोलायचं, कसं बोलायचं. खरं सांगायची तयारी तेव्हाही नव्हती. बूचही खिशात घेतलं होतं, पण ते काढायचं नव्हतं. ते दाखवलं की खोटं उघडं पडणार.

स्नेहलनं दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. म्हैसाळकर खिडकीशी आरामखुर्चीत होते. शेजारच्या स्टुलावर त्यांच्या मुलानं आणलेला नवीन चिनी रेडिओ होता, सगळी बटणं सपाट, एकसारखी. तो बंद होता. कोपऱ्यात एक लाकडी स्टँड रिकामा, त्याच्यावर चार पायांचे चार ठसे.

"बाबा, मगदूम आलेत. रेडिओवाले."

"या या. बसा."

"काका, भंगारात शोधलं," मी म्हणालो. "तुमच्या सेटचे दोन नॉब सापडले. म्हटलं, निदान आठवण म्हणून..."

त्यांनी तळहात पुढं केला. मी नॉब ठेवले. आवाजाचा नॉब त्यांनी बोटांत फिरवला, खाच खाच मोजत.

"ही चौथी. सकाळची. ही सातवी, दुपारची, शेजारची शाळा सुटली की एवढा लागायचा. नवव्या खाचेच्या पुढं आमची ही जाऊ द्यायची नाही." ते हसले. "आभारी आहे हं. एवढ्या लांब आलात."

"त्यात काय, काका."

स्नेहल चहा ठेवायला आत गेली. मी उठायचा विचार करत होतो. वाटलं, सुटलो. काम झालं.

म्हैसाळकरांनी नॉब सदऱ्याच्या खिशात टाकले आणि हात पुन्हा माझ्यापुढं पसरला. तसाच, उघडा.

"आणि बूच?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. राग नव्हता. हिशेब नव्हता. ते नुसते वाट बघत होते.

"तुम्हाला तेव्हाच..."

"मगदूम, मी तिच्या हातच्या सगळ्या गोष्टी हातानंच ओळखतो. शेवटच्या वर्षी ती रोज दोनदा त्या बाटल्यांत सुई घालायची. पाय हरवला तेव्हा म्हणाली, थांबा, माझ्याकडं आहे एक."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" माझा आवाज चढला. लाज वाटली की माझा आवाज चढतो, आजही चढतो. "मी तोंडावर खोटं बोलत होतो! सुनेसमोर! धरायचं होतं ना मला!"

"धरून काय करणार होतो? सेटवर हात फिरवला तर मला तिचं काहीच सापडेना. पाय तेवढा राहिला होता. वाटलं, यांना हा दिसला नसेल, राहू दे तिथंच. निदान सेटबरोबर तरी राहील." ते थांबले. "तो तिथं नाही ना आता? असता, तर मनाला एवढं लागून नॉब घेऊन तुम्ही आला नसता."

मी खिशात हात घातला. बूच काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं त्याच्यावरची भोकं चाचपली आणि मूठ मिटली.

स्नेहल चहा घेऊन आली. "साखर चालते ना?" तिनं मला विचारलं.

मी त्या मिटलेल्या मुठीकडं बघत होतो. म्हैसाळकरच म्हणाले, "चालते त्यांना. दे."